चिनी गोळीने हार्टच्या मेलेल्या पेशी जिवंत होत नाहीत

एक मेसेज खूप फिरतोय. चिनी पारंपरिक औषधांनी हार्टमधल्या पेशींचं मरणं थांबतं हे लॅबमध्ये सिद्ध झालंय, मेलेल्या पेशीही परत जिवंत होतात, म्हणून स्टेंट (अडलेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) नको, आणि सगळं झाडपाल्याचं म्हणून साइड इफेक्ट शून्य.

आधी मेलेल्या पेशींचं बघू. हे साफ खोटं आहे, अटॅकमध्ये स्नायू मेला की तिथे व्रण होतो, बस्स. नवीन पेशी बनतात पण पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का आणि म्हातारपणी त्याच्याही निम्म्या, स्वीडनमधे २००९ साली मोजलंय हे.

लॅबचं म्हणाल तर डानशेन नावाच्या चिनी औषधी मुळीतल्या टॅनशिनोन या घटकाने उंदरांच्या हार्टमधे पेशी कमी मेल्या असे पेपर खरंच आहेत, ढिगाने आहेत. पण त्यात बऱ्याचदा औषध आधी देतात आणि मग रक्तवाहिनी बांधून अटॅक घडवतात, माणसाला अटॅक सांगून येतो का? आणि हे फक्त चिनी औषधांचं नाही हो, सायक्लोस्पोरिन हे आधुनिक औषध प्राण्यांमधे पेशी वाचवायचं, २००८ मधे ५८ पेशंटवरही छान दिसलं, मग २०१५ मधे ९७० पेशंटवर नीट ट्रायल झाली आणि फायदा काहीच निघाला नाही. उंदीर ते माणूस हे अंतर एवढं मोठं आहे.

आता स्टेंट. इथे मेसेजवाले ज्या तोंगशिनलुओ कॅप्सूलचं नाव घेतात तिची ट्रायल चांगली आहे, मी ती उडवून लावणार नाही. चीनमधली १२४ हॉस्पिटलं, मोठा अटॅक आलेले ३,७७७ पेशंट, २०२३ मधे छापून आली, ३० दिवसांत मृत्यू, पुन्हा अटॅक, स्ट्रोक वगैरे मिळून कॅप्सूलवाल्यांमधे ३.४ टक्के, आणि डमी कॅप्सूलवाल्यांमधे ५.२. पण दोन्ही गटांना नेहमीचे उपचार चालूच होते, बहुतेकांची अँजिओप्लास्टीसुद्धा (ब्लॉकेज उघडून स्टेंट बसवतात ती) झाली होती! कॅप्सूल त्याच्या जोडीला दिली, त्याच्याऐवजी नाही. रक्त अडलं की पेशी मिनिटामिनिटाला मरतात, ब्लॉकेज उघडणं हाच त्यावरचा पहिला उपाय, त्याला पर्याय म्हणून गोळी सुचवणं जिवावर बेतणारं आहे.

आणि "झाडपाला"? याच कॅप्सूलमधे जळू, विंचू, गोम असतात. डानशेन वनस्पतीच आहे, पण वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत घेतल्यावर रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊन रक्तस्राव झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. कृत्रिम व्हॉल्व्ह बसवलेले कितीतरी लोक वॉरफरिनवर असतात, कुणी त्यांना हे आणून दिलं असेल तर आजच त्यांच्या डॉक्टरला दाखवा, आणि चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका.