स्वयंसेविका म्हणायचं कोणाला?

माझी भाची अमरावतीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा संपली की महिनाभर झांबियाच्या राजधानीत, लुसाकाला माझ्याकडे यायचं आणि इथल्या मुलांसाठी काम करायचं, असं तिनं घरच्या ग्रुपवर टाकलं आणि दोन दिवस ग्रुप पेटला. भाऊजींचा मेसेज पहिला: "काऊन, मेळघाट ओस पडला काय? धारणीची एसटी घरासमोरून जाते, तिच्यात बस." ताई म्हणाली, सेवेला कुठला आलाय देश. काकूंना रोगराईची भीती. मला कोणी विचारलं नाही, पण सहा वर्षं मी झांबियात राहते आणि त्यातली चार वर्षं दर शनिवारी चावामा वस्तीतल्या एका शाळेत जाते. तेव्हा बोलायला हवं.

या शाळेला इथे कम्युनिटी शाळा म्हणतात. नव्वदच्या दशकात तांब्याचे भाव पडलेले, सरकारनं खर्चाला कात्री लावलेली आणि एड्सनं घरंच्या घरं रिकामी केलेली. आजीजवळ राहिलेल्या नातवंडांना सरकारी शाळेची फी परवडेना, गणवेश परवडेना. तेव्हा वस्त्यांनी, चर्चनी आपापल्या शाळा काढल्या. शिकवायला वस्तीतलंच कोणीतरी, बारावी झालेलं किंवा न झालेलंही. जानेवारी २०२२ पासून सरकारी शाळांत बारावीपर्यंतची फी माफ झाली, त्याच वर्षी ३० हजारांवर नवे शिक्षकही भरले. तरी वर्ग ओसंडून वाहतात, आणि या शाळा अजून लागतात.

आमच्या शाळेत तीन खोल्या आहेत. मधल्या खोलीतल्या बाई अकरा वर्षं रोज सकाळी कुलूप उघडतात. पालक जमेल तसे क्वाचा, म्हणजे इथले पैसे, देतात, त्यातून बाईंना जे मिळेल ते. काही महिने काहीच नाही. शनिवारी त्या घेतात तो वर्ग इयत्तेचा नसतो. प्रत्येक मुलाला एक कागद वाचायला देतात: अक्षरं, शब्द, चार ओळींचा परिच्छेद, मग छोटी गोष्ट. जिथे मूल अडतं त्या गटात ते बसतं, मग ते तिसरीतलं असो की पाचवीतलं. फरशीवर खडूनं मा, मे, मी, मो, मू लिहिलेलं असतं आणि मुलं त्यावर उड्या मारत म्हणत जातात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपली बाराखडी आठवली आणि घसा दाटून आला. पुढे कळलं की ही पद्धत आपल्याकडचीच. मुंबईच्या वस्त्यांमधून उभ्या राहिलेल्या 'प्रथम' या संस्थेनं ती घडवली आणि झांबियाच्या शिक्षण खात्यानं २०१६ मध्ये 'कॅच अप' या नावानं ती इथल्या शाळांत आजमावायला घेतली.

म्हणून भाऊजी, 'आधी आपलं घर, मग जग' हे मला पटत नाही. मुंबईच्या झोपडपट्टीत सुचलेल्या गोष्टीवर लुसाकातलं पोर वाचायला शिकतं, तेव्हा घर कुठे संपलं आणि जग कुठे सुरू झालं?

पण ताईचंही मला पटत नाही. सेवेला देश नसला तरी तिला भाषा असते. पहिल्या वर्षी मी ओळखीच्यांकडून गोष्टींच्या पुस्तकांचं एक खोकं जमवून नेलं. सुंदर, रंगीत, इंग्रजी. बाईंनी दोन्ही हातांनी ते घेतलं, मनापासून आभार मानले आणि कपाटात ठेवून दिलं. सहा महिन्यांनी मी पाहिलं तर तसंच. ही मुलं घरी न्यांजा बोलतात, तीही लुसाकाची, बेंबा आणि इंग्रजी मिसळलेली. शाळेच्या पुस्तकातली न्यांजा पूर्वेकडच्या गावांची, तीच त्यांना अर्धी परकी. त्यात माझी इंग्रजी पुस्तकं! झांबियानं २०१४ पासून पहिली ते चौथी स्थानिक भाषेतून शिकवायचं धोरण घेतलं, सात भाषांतून. त्यावर इथेही वाद होतात. आपल्याकडे २०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदीचा केवढा वाद झाला, शेवटी २९ जूनला दोन्ही शासननिर्णय मागे घ्यावे लागले. मी इथून तळमळीनं ते वाचत होते आणि माझंही मत सक्तीच्या विरोधातच होतं. पण मेळघाटातल्या ज्या कोरकू मुलाला मराठी हीच शाळेत भेटणारी पहिली परकी भाषा आहे, त्याची आठवण त्या वादात मला क्वचितच कुणी काढलेली दिसली. ती मलाही अमरावतीत वाढताना कधी आली नव्हती. चावामात आली.

आता जे सांगते ते मला फार दिवस सलतं आहे. मागच्या वर्षी एका संस्थेनं स्वयंसेवकांचा सत्कार ठेवला. संस्थेचं नाव घेत नाही. मंडपात आम्ही परदेशी बायका पहिल्या रांगेत. मला प्रमाणपत्र, फुलं आणि अंगावर नवं चितेंगे, इथल्या बायका गुंडाळतात ते छापील कापड. आठवड्याला दोन तासांसाठी. प्रमाणपत्रांचं तबक हातात धरून बाजूला उभ्या होत्या त्या आमच्या बाई. पाहुण्यांपैकी कोणाच्या मनात आलं नाही की हिलाही खुर्ची द्यावी. मीही त्या वेळी उठले नाही. प्रमाणपत्रावर लिहिलं होतं 'स्वयंसेविका'. बाईंच्या हजेरीपत्रकातल्या नावापुढेही तोच शब्द आहे: 'व्हॉलंटियर टीचर'.

माझ्यासाठी तो शब्द मान आहे. त्यांच्यासाठी तो पगार न देण्याचं कारण आहे.

आरोग्याच्या कामातही हेच दिसतं. महिन्यातून एकदा शाळेमागच्या आंब्याच्या फांदीला वजनकाटा टांगतात, खाली चड्डीसारखी झोळी. आया एकेक बाळ झोळीत सोडतात, ते लोंबकळत रडतं आणि वस्तीतलीच एक बाई काट्याचा आकडा कार्डावरच्या रेघेवर टिंब देऊन मांडते. टिंब खाली घसरलं की ती आईला बाजूला घेते. ओरडत नाही. घरी काय शिजतं, बाळ अंगावर पितं का, जुलाब कधीपासून, हे हळू आवाजात विचारते. हीच बाई २०२४ च्या जानेवारीत, लुसाकात कॉलऱ्यानं थैमान घातलं होतं तेव्हा, घरोघरी क्लोरिन देत फिरत होती. देशभरात सातशेहून जास्त माणसं गेली. शाळा महिनाभर उशिरा, फेब्रुवारीत उघडल्या. आम्ही जाळीच्या खिडक्यांमागे पाणी उकळून पीत बसलो होतो आणि ती चिखलातून जात होती. झांबियानं वर्षभर प्रशिक्षण देऊन पगारी आरोग्य सहायक नेमायला सुरुवात केली, २०१२ पासून ते कामावर आहेत, आणि हे पाऊल मला फार मोलाचं वाटतं. पण ती त्यांतली नाही. ती स्वयंसेविका.

आणि आपल्याकडे? कागदोपत्री शब्द आहे 'आशा स्वयंसेविका'. बाळंतीण आणि नवजात बाळ, लसीकरण, सर्वेक्षण, जे येईल ते तिच्या अंगावर. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा गौरव केला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच आशा मानधनासाठी आझाद मैदानावर दिवसचे दिवस बसल्या, तेव्हा आमच्या ग्रुपवर एक ओळ आली नाही. मार्चमध्ये पाच हजारांची वाढ मंजूर झाली. ती त्यांनी बसून मिळवली. शब्द मात्र तोच राहिला, कारण स्वयंसेविका म्हटलं की किमान वेतनाचा प्रश्न येत नाही. त्याच जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितलं होतं की अशा कामगारांना कामाच्या प्रमाणात मोबदला द्या, नुसत्या कामागणिक भत्त्यांवर ठेवू नका. गौरव आपण उचलला, हे कानाआड केलं.

त्यामुळे मेळघाट की लुसाका हा वाद मला बाजूला ठेवावासा वाटतो. दोन्हीकडे मुलाला लागतं ते एकच, रोज येणारं, त्याची भाषा बोलणारं, त्याचं नाव ठाऊक असलेलं माणूस. ते माणूस दोन्हीकडे आधीच आहे. बहुतेक वेळा ती बाई असते. बाहेरून जाणाऱ्यानं तिच्या जागी उभं राहायचं नसतं, तिचा भार हलका करायचा असतो. मला हे कळायला चार वर्षं लागली आणि त्यातली दोन मी मुलांबरोबर फोटो काढण्यात घालवली.

भाचीला मी लिहिलं: ये. पण येण्याआधी भाऊजी म्हणतात त्या एसटीत बस. धारणीकडच्या एखाद्या आशाताईंबरोबर लसीकरणाचे दोन दिवस घालव, त्यांच्या नोंदवह्या उतरवून दे, त्यांना किती मिळतं आणि ते कधी मिळतं हे विचार. मग इथे ये. इथे तुला इंजेक्शन द्यायला मिळणार नाही, परवान्याशिवाय ते योग्यही नाही. काट्याखाली बसून कार्डं लिहायची, आयांची रांग लावायची, मुलांचे हात धुवायचे. महिन्याभरात न्यांजात बाळाचं वय विचारता आलं तरी पुष्कळ. खाऊ, पेन्सिली, कपडे काही आणू नकोस.

तिकिटाचे पैसे वाचत असतील तर त्याचंही सांगितलं. आम्ही लुसाकातली सहा मराठी घरं जानेवारीपासून दर महिन्याला शाळेच्या समितीकडे ठरावीक रक्कम देतो, ती तीन शिक्षिकांच्या पगाराची. समितीच्या वहीत 'देणगी' लिहिणार होते, आम्ही 'पगार' लिहायला सांगितलं. पहिल्या महिन्याची पावती बाईंनी सही करून घडी घातली आणि चितेंगेच्या गाठीत बांधली. दुसऱ्या महिन्यात त्यांनी समितीसमोर पहिल्यांदाच एक मागणी ठेवली. शिक्षक पदविकेच्या प्रवेशाला बसायचं आहे, त्या आठवड्यात आपल्या जागी कोणीतरी हवं. चार दिवस. ते चार दिवस मी घेतले आहेत, आणि न्यांजातली पहिली दोन पानं आतापासून पाठ करते आहे.