सीडी, स्पेस, डॉट डॉट

डॉस शिकलेल्या माणसाला आपल्याला कॉम्प्युटर येतो असं वाटत असतं आणि ते वाटणं मरेपर्यंत जात नाही. डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, कमांडी टाइप करून चालवायची ऑपरेटिंग सिस्टिम. चपला बाहेर काढून क्लासच्या एसी खोलीत शिरलेली आमची पिढी. काळ्या पडद्यावर ‘सी कोलन बॅकस्लॅश’ उमटलं की डीआयआर टाइप करायचं. फायलींची यादी सुसाट वर पळायची. तिला पानापानाला अडवायला पुढे स्लॅश पी. फायलीच्या नावाला अक्षरं आठ, टिंबापुढे तीन. त्यामुळे सत्यनारायणाचं निमंत्रण इंग्रजी स्पेलिंगात ‘सत्यनार’पाशीच संपायचं.

डॉस तोंडाचा फटकळ. ‘बॅड कमांड ऑर फाइल नेम’ म्हणायचा; चुकलं यातलं नेमकं काय, ते तुमचं तुम्ही शोधा. फ्लॉपी बिघडली तर ‘अबॉर्ट, रीट्राय, फेल?’ काहीही निवडा, फाइल मिळायची नाहीच. पण बोलायचा तरी!

भाच्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स नावाची दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. “मामा, तुला तर कमांड येतातच!” एक फोल्डर मागे जायला मी ऐटीत सीडी डॉट डॉट मारलं. ‘कमांड नॉट फाउंड.’ मध्ये स्पेस हवी म्हणे. डॉसला कधी लागली नव्हती. स्लॅश उलटा कलंडलेला, कॅपिटल-स्मॉलचं सोवळं कडक, आणि सगळ्या कमांडी अर्धपोटी: कॉपीचं सीपी, मूव्हचं एमव्ही, रिमूव्हचं आरएम. याचं मूळ लिनक्सच्या पूर्वजात, युनिक्समध्ये. 1969 साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची ते रचायला लागले, तेव्हा समोर टेलिटाइप असायचा. सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं कागदावर खडखडत छापणारा. तिथे कोण लांबलचक लिहितो?

तेही चाललं असतं. पण सीपी मारलं, फाइल कॉपी झाली आणि पडदा गप्प! आमच्या घराण्यात कोपऱ्यावरून कोथिंबीर आणली तरी तिची हकिकत जेवण होईपर्यंत पुरते. पासवर्ड टाइप करताना तर एक ठिपकाही उमटेना. मी कीबोर्डची वायर शोधायला लागलो, लॅपटॉपला. भाचा म्हणाला, “एका कमांडचं बोलणं पाइपमधून दुसरीच्या तोंडात जातं. ती उगाच बडबडली तर दुसरीने काय गिळायचं?” पटलं. आवडलं नाही.

खरी भीती आरएमची. डॉसमध्ये सगळ्या फायली पुसायला डेल स्टार डॉट स्टार म्हटलं तर ‘आर यू शुअर?’ असं विचारणं व्हायचं. वर 1991 च्या डॉस पाचमध्ये पुसलेली फाइल परत आणणारं अनडिलीट आलं. पुसताना डॉस फायलीच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर खोडायचा. म्हणून नशिबाने वरून दुसरं काही लिहिलं गेलं नसलं, तर ‘त्यनार’ समोर आणून पहिलं अक्षर आपल्यालाच विचारायचा. आरएमला असली माया नाही. गेलं ते गेलं.

आता मी आरएमपुढे डॅश आय लावतो. मग ते दर फायलीला परवानगी मागतं. भाचा वैतागतो, “मामा, शंभर वेळा वाय दाबणार?”

दाबणार. या घरात मला विचारून होणारं तेवढं एकच काम आहे.