आतली तपासणी: ‘तोंड मिटून सोसा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

आमच्या नात्यातल्या तीन ग्रुपांवर सध्या एकच मेसेज फिरतोय: “पहिल्या तीन महिन्यांत आतली तपासणी, आतली सोनोग्राफी करू देऊ नका, गर्भ पडतो. करावीच लागली तर तोंड मिटून सोसा, डॉक्टरांना मध्येच थांबवू नका. एवढं सोसवत नाही ती कळा काय सोसणार?” माम्या-मावश्या काळजीपोटीच पाठवतात. तरी मी गप्प बसणार नाही, कारण सातव्या आठवड्यात मीही तशीच तोंड मिटून पडले होते.

‘गर्भ पडतो.’ नाही पडत. सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे आत घालायची बारीक दांडी, योनीमार्गातच राहतो, पिशवीच्या तोंडातून आत जात नाही. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी सुमारे निम्मे गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषांमुळे होतात. तपासणीनंतर एखादा डाग दिसू शकतो, कारण या दिवसांत पिशवीच्या तोंडाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो. धोका आहे तो तपासणी टाळण्यात. शंभरात एक-दोन गर्भ पिशवीबाहेर, बहुधा नळीत रुजतात आणि नळी फुटली तर आईच्या जिवावर बेततं. इतक्या लवकर हे पोटावरच्या सोनोग्राफीपेक्षा आतल्या सोनोग्राफीत जास्त स्पष्ट दिसतं. ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं, खांदा दुखला, घेरी आली किंवा रक्तस्राव वाढला, तर लगेच दवाखाना गाठा.

मात्र दर वेळी हाताने आतली तपासणी लागतेच असं नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने गरोदरपणात ती केवळ रिवाज म्हणून करू नये, असं सांगितलं होतं. त्यामुळे “यातून काय कळेल? पोटावरून भागेल का?” असं विचारणं उद्धटपणा नव्हे.

‘तोंड मिटून सोसा.’ माझा खरा राग या वाक्यावर आहे. “एवढं काय, मग दिवस कसे गेले?” असं मला टेबलावर ऐकवलं गेलं. मी पाय आवळत नव्हते, ते आवळले जात होते. भीतीने, जुन्या वाईट अनुभवाने योनीभोवतीचे स्नायू आपोआप घट्ट होतात, त्यावर बाईचा ताबा नसतो. कोरडेपणा, जंतुसंसर्ग, एन्डोमेट्रिऑसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं) यांनीही दुखतं. दुखणं ही डॉक्टरांना हवी असलेली माहिती आहे, ती लपवून काय मिळणार?

म्हणून झोपण्याआधीच सांगा: “मला दुखतं, मी थांबा म्हटलं की थांबा.” लघवी करून जा. स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडा धरायचं साधन, लहान, कोमट पाण्यात धरलेला, जेली लावून मागा. सोनोग्राफीचा प्रोब मी स्वतः आत सरकवू का, असं विचारा. पुष्कळ ठिकाणी हो म्हणतात. आत घेताना श्वास रोखू नका, सावकाश तोंडाने सोडा.

‘डॉक्टरांना थांबवू नका.’ सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात उपचारांआधी रुग्णाची खरी, समजून दिलेली संमती लागते, हे स्पष्ट केलं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेनुसार पुरुष डॉक्टर तपासत असतील तर दुसरी स्त्री हजर असणं हा तुमचा हक्क आहे.

आणि कळांचं म्हणाल, तर आतली तपासणी न झेपणाऱ्या बायकांचीही नैसर्गिक बाळंतपणं होतात.

पुढच्या खेपेला मी दवाखाना बदलला. तिथल्या सिस्टरने प्रोब माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “ताई, तुमच्या तुम्ही घ्या, मी थांबते.” दोन मिनिटांत ठोके दिसले.