सातवा सप्टेंबर नववा कसा झाला?

सुट्टी संपवून सोमवारी वागळे इस्टेटला कामावर रुजू झाले, तर ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शुभेच्छांसोबत तोच मेसेज फिरत होता: ‘सप्टेंबर म्हणजे सातवा, लॅटिन सेप्टेम म्हणजे आपलं सप्तच. पण रोमचे सत्ताधीश ज्युलियस सीझर आणि ऑगस्टस यांनी आपापल्या नावाचे दोन महिने मध्ये घुसवले, म्हणून सातवा सप्टेंबर नववा झाला.’

हे चूक आहे. ते दोन महिने आधीपासून होतेच, फक्त नावं बदलली. क्विंटिलिस, म्हणजे पाचवा, इ.स.पू. ४४ मध्ये जुलै झाला. सेक्स्टिलिस, म्हणजे सहावा, इ.स.पू. ८ मध्ये ऑगस्ट. मूळ रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. ठाण्याहून कुर्ल्याला जाताना लोकलमध्ये उभ्या उभ्या मी मैत्रिणीला बोटांच्या पेरांवर मोजून दाखवलं: मार्च, एप्रिल, मे, जून... सप्टेंबर बरोबर सातव्या पेरावर येतो. पुढे वर्षाची सुरुवात जानेवारीवर सरकली, इ.स.पू. १५३ पासून रोमचे कॉन्सल, म्हणजे दरवर्षी निवडले जाणारे सर्वोच्च अधिकारी, १ जानेवारीला पदभार घेऊ लागले. नावं मात्र जुनीच राहिली.

मेसेजमधली एक गोष्ट खरी आहे आणि मला ती फार आवडते: लॅटिन ‘सेप्टेम’ आणि आपलं ‘सप्त’ एकाच भाषाकुळातले शब्द आहेत. तेवढा भाग ठेवा, बाकीचा पुढे पाठवू नका.