कॅल्शियम आउटरला उभी आहे

दिवाळीच्या आधी ओटा धुताना पाय सरकला आणि उजवं मनगट गेलं. म्हणजे पडले पण अशी काही जोरात नाही, बसल्यासारखीच, तरी हाड मोडलं म्हणून डॉक्टरांनी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ते मोजणारा, करायला लावला. टी-स्कोअर आला वजा २.८. वजा २.५ किंवा त्याच्या खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली, असं धरतात म्हणे. ३१ वर्षं शाळेत शिकवलं, पोरांना शून्य दिलाय, पण वजा मार्क मी कोणालाच दिले नव्हते हो.

बरं, व्हिटॅमिन डी पण कमी. जळगावात! जिथं मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तिथं बाईला ऊन कमी पडलं. नणंदेनं फोनवरच तोंडाला पदर लावला असणार. "काय व बाई, इतलं ऊन शे आपलाकडे, अन् तुले ऊनच कमी पडनं?" आता तिला काय सांगू, आपण उन्हाला इतके भितो की सकाळी दहाला लावलेलं दार पाचलाच उघडतं, बाहेर पडलंच तर डोक्याला रुमाल, तोंडाला स्कार्फ, हातात मोजे, गाडीवर बसलेली बाई आपलीच सून आहे की दुसऱ्याची ते ओळखू येत नाही. आणि व्हिटॅमिन डीला ऊन लागतं ते नेमकं भर दुपारचं, अंगावर पडलेलं. खिडकीतलं पण चालत नाही, काचेतून ते किरण येतच नाहीत. आमचे हे रोज बंद काचेआड पेपर वाचत "ऊन घेतोय" म्हणायचे, ते सगळं फुकट गेलं.

हे भुसावळला रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात होते. रिटायर झाल्यापासून हाताशी एक गाडी नव्हती, बिचारे कासावीस. तेवढ्यात माझ्या गोळ्या सुरू झाल्या आणि माणूस परत ड्युटीवर आला. फ्रिजवर चार रंगांचा चार्ट लागला. रविवारी सकाळी सहाला हाडांची साप्ताहिक सुपरफास्ट, म्हणजे अलेंड्रोनेटची गोळी, ७० मिलिग्रॅम. हिच्या पुढेमागे कोणी नको. उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत, आणि साधं म्हणजे फिल्टरचं, कारण आमच्या बोअरच्या पाण्यातच इतका क्षार की गिझरला पांढरी साल चढते, आणि गोळीला कॅल्शियम दिसलं की ती त्यालाच चिकटून बसते, अंगात जातच नाही. म्हणून दूध नाही, चहा नाही, दुसरी गोळी नाही. अर्धा तास.

आणि आडवं व्हायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथं जखम करते, म्हणून ताठ बसायचं नाहीतर उभं राहायचं. ताठ बसणं काय असतं ते रविवारी सकाळी सहाला बसून बघा. ६.०५ ला डोळे मिटतात. ६.१० ला मान कलते. हे समोरून ओरडतात, "अगं सिग्नल पाडू नको!" ६.२० ला शेजारच्या घरातून आल्याच्या चहाचा वास येतो आणि मला माझं पूर्ण आयुष्य दिसतं. साडेसहाला वाटतं सुटलो, तर थायरॉइडची गोळी उभीच, तीही उपाशीपोटी, परत अर्धा तास. रविवारचा चहा सातला. सणावाराला उपास केले तेव्हा एवढी भूक लागली नव्हती.

कॅल्शियमचं वेगळंच. थायरॉइडपासून चार तास लांब ठेवायचं, आणि आमची गोळी कार्बोनेटवाली, ती जेवणासोबतच नीट लागू पडते, आणि एका वेळी ५०० मिलिग्रॅमच, जास्त गिळलं तर शरीर घेत नाही. म्हणून एक दुपारच्या भाकरीसोबत, एक रात्रीच्या. मला वाटलं एवढी तिळाची चटणी खाते, त्यात काय कमी असणार, पण चिमूटभर चटणीचा हिशोब डॉक्टर धरत नाहीत. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी दुधात, आठवड्यातून एकदा. 'आठवड्यातून' या शब्दाखाली ह्यांनी तीन लाल रेघा मारल्यात, कारण काही लोक ती रोज घेतात आणि मग रक्तातलं कॅल्शियम वाढून आडवे होतात.

मागच्या रविवारी शेतात भरीत पार्टी होती. हिरव्या वांग्याचं भरीत, कळण्याची पुरी, पहाटेच निघायचं, त्या गडबडीत गोळीच राहिली. रात्री आठवलं. मी म्हटलं पुढच्या रविवारी दोन घेते. हे असे ताडकन उठले. "एका ट्रॅकवर दोन गाड्या? अगं काय बोलतेस तू!" राहिली तर दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायची आणि पुढचा रविवार परत आपल्या टायमाला. सोमवारची स्पेशल सोडली, चार्टवर हिरव्या पेनानं नोंद झाली, खाली सही.

आता उन्हाळा लागला तशी मी अकराला गच्चीवर जाते. बाही कोपरापर्यंत वर, शेजारी खाटेवर बिबड्या, आमचे ज्वारीचे पापड. समोरच्या काकू विचारतात, "वाळल्या का?" मला कळत नाही, बिबड्यांचं विचारतात की माझं. नणंदेचा पण रिपोर्ट आलाय, डी कमीच, नुसतं ९. तिनं ह्यांच्याकडे चार्टचा फोटो मागितलाय आणि हे दोन दिवसांपासून तिच्यासाठी वेगळं वेळापत्रक बसवताहेत. खालून आवाज येतो, "अगं ए, जेवायला ये, कॅल्शियम आउटरला उभी आहे!" मी एक बिबडी उलटते, दुसरा हात उन्हात धरते. राहू दे उभी पाच मिनिटं, आपल्याकडे कोणती गाडी टायमाला येते.