येऊरवरून सूर्य उगवत नाही, मान्य!

सर,

तुम्ही ‘एक जुना ड्रॉइंग मास्तर’ एवढीच सही केलीत, म्हणून ‘सर’ म्हणते. ड्रॉइंगच्या मास्तरांना दुसरं काही म्हणायची जिभेला सवय नाही.

ज्यांनी सरांची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मी रोज एक पान स्केच करून इथे टाकते. सरांचं म्हणणं, या रोजच्या हट्टापायी माझं एकही चित्र पूर्ण होत नाही, ही नुसती ‘हजेरी’ आहे. रस्त्यावर बसून गिचमिड करण्यापेक्षा फोटो काढावा आणि घरी शांतपणे चित्र करावं. आधी जुने चित्रकार म. वि. धुरंधर बघावेत, मग पेन उचलावं. आणि शेवटचा टोला: उपवन तलावाच्या पानाखाली मी ‘सकाळी ८.१५, जागेवर’ असं लिहिलंय, पण मागचा येऊरचा डोंगर काळाकुट्ट आहे आणि बाकाची लांब सावली आपल्याकडे येतेय. ‘ठाण्यात सूर्य येऊरवरून उगवायला लागला काय?’

टोल्यापासूनच सुरुवात करते, कारण तिथे मी रंगेहाथ पकडली गेले आहे. डोंगर पश्चिमेला. जानेवारीत सकाळी सव्वाआठला त्याच्यावर समोरून ऊन असतं, झाडी पिवळट-हिरवी दिसते आणि बाकाची सावली डोंगराकडे जाते. मी काढलीय ती सरळसरळ संध्याकाळ. झालं असं की सकाळी मी खरंच तिथे बसले होते. रेषा झाल्या, बाक झाला, रंगाची डबी उघडणार तेवढ्यात एका कामाचा फोन आला आणि उठावं लागलं. रंग भरले रात्री साडेनऊला, डायनिंग टेबलावर. शेजारी आधीच्या आठवड्यातलं उपवनचंच, संध्याकाळचं पान उघडं पडलेलं. त्यातला उजेड कधी या पानात उतरला, मला कळलंसुद्धा नाही. आणि खाली ‘जागेवर’ लिहायला हात जराही अडखळला नाही. अकराच्या आत पान टाकायचं होतं ना! म्हणजे ‘हजेरी’ हा शब्द लागला, आणि बरोबर जागी लागला.

इतक्या जणांनी ते पान पाहिलं, ‘मस्त’ म्हणाले. सावली फक्त तुम्ही पाहिलीत. त्याबद्दल मनापासून आभार. चिमटाही पोचला.

पण रोज काढणंच चुकीचं, हे काही मला पटत नाही. त्याचं कारण तुमच्याच पेशातलं आहे.

एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना स्मरणचित्राचा पेपर असायचा. विषय बाजार असो, जत्रा असो की बसस्टॉप, आमच्या वर्गात सगळ्यांची माणसं तीच. छत्रीवाला म्हातारा, पाठमोरी बाई, तिचं बोट धरलेला मुलगा आणि कोपऱ्यात फुगेवाला. सरांनी फळ्यावर काढून दिलेली, आम्ही घोटलेली. पाठमोरी बाई का, तर चेहरा काढावा लागत नाही! मला ए ग्रेड मिळाली, आणि ती पाठमोरी बाई पुढे कितीतरी वर्षं माझ्या हातातून गेली नाही. नाव स्मरणचित्र, पण स्मरण फळ्याचं होतं, बाजाराचं नव्हतं.

हे कळलं ते कामातच. चार वर्षांपूर्वी मुलांच्या एका पुस्तकासाठी भाजीवाली काढायची होती. मी काढली: मांडी घालून बसलेली, पुढे टोपल्या, हातात तराजू. छान दिसत होती. संपादकांनी पास केली, छापून आली. नंतर एकदा जांभळी नाक्याच्या मंडईत मेथी घेताना सहज लक्ष गेलं, एकही बाई मांडी घालून बसलेली नव्हती. मग वही घेऊन जायला लागले. समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसायचं, रोज वीस मिनिटं, एकच बाई. पहिले पाच-सहा दिवस नुसता गोंधळ. पदर कुठून येतो ते कळेना, गुडघे साडीत हरवलेले, आणि ती सारखी हलणार. आठवड्याभरानं कुठे उलगडलं. डावा पाय दुमडून खाली घेतलेला, उजवा गुडघा उभा. मोजायची वेळ आली की कोपर त्या उभ्या गुडघ्यावर टेकतं, म्हणून तोलणारा हात थरथरत नाही. आणि पुढे वाकायचं झालं की सगळा भार त्याच उभ्या पायाच्या तळव्यावर. मांडी घातलेल्या बाईचा हात पलीकडच्या ढिगापर्यंत पोचणारच नाही; प्रत्येक गिऱ्हाइकाला तिला उठावं लागेल. सुट्ट्या पैशांचा डबा दुमडलेल्या मांडीला चिकटून, तिला न बघता हात घालता येईल असा. (दहाव्या दिवशी तिनं विचारलं, ‘ताई, मोजमाप घेता का काय?’ वही दाखवली तर म्हणाली, ‘नाक मोठं झालंय.’ झालं होतं.)

आता मला भाजीवाली, फुलवाली, कोळीण, कुणीही बसलेली काढायची असली तर मी संदर्भ शोधत नाही. गुडघा कुठे येणार ते हाताला माहीत आहे. त्या बारा-तेरा पानांतलं एकही पान चित्र म्हणून दाखवण्याजोगं नाही, आणि तशी माझी अपेक्षाही नव्हती. गवई सकाळी खर्ज लावतो तेव्हा तो मैफल करत नसतो.

फोटोबद्दल. मी फोटो वापरते. डेडलाइन मानगुटीवर असली की सगळेच वापरतात, जो नाही म्हणतो तो थापा मारतो. पण उपवनचाच फोटो काढून बघा. मोबाइलची लेन्स असते रुंद, बरंच काही एका चौकटीत कोंबणारी. त्यामुळे पुढ्यातला कठडा अंगावर येतो आणि येऊर एवढासा होऊन मागे सरकतो. तिथे उभ्या माणसाला डोंगर तेवढासा वाटतच नाही. फोटोवरून काढलेल्या चित्रात डोंगर हमखास बुटका होतो, आणि सावल्यांमधले रंग काळ्यात बुडतात. भाजीवालीचा फोटो काढला असता तर मला साडीच्या घड्या मिळाल्या असत्या. कोपर गुडघ्यावर का टेकतं ते मात्र ती वाकताना, सरळ होताना बघितल्याशिवाय कळलं नसतं.

आणि धुरंधर. सर, हे नाव तुम्ही माझ्याविरुद्ध काढलंत याची गंमत वाटली. १८६७ ते १९४४ एवढ्या आयुष्यात या माणसानं काढलेली मुंबईची माणसं बघा: पोस्टकार्डांवरची, किंवा पोलीस कमिशनर एडवर्ड्स यांच्या मुंबईवरच्या १९१२ च्या पुस्तकातली. पागोटी, नऊवारीचे काष्टे, डोक्यावरचं ओझं सांभाळणारी मान. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलेला आणि तिथेच शिकवणारा हात आहे, शिस्त आहेच. पण प्रत्येक जातकुळीचं पागोटं वेगळं बसतं हे शिस्तीतून येत नाही, रस्त्यावर बघून बघून येतं. माझी आणि त्यांची बरोबरी करायला मी वेडी नाही. एवढंच म्हणते, की धुरंधर बघितले की माझं तरी पेन खाली राहत नाही, बाहेर पडावंसं वाटतं.

कागद फुगतो, डाग पडतात, हेही लिहिलंय तुम्ही. खरं आहे. रोजची वही पातळ कागदाची आहे, ३०० जीएसएमचा जाड कॉटन पेपर रोज परवडत नाही. आणि चांगल्या कागदावर मी भितरी होते, चुकायला घाबरते. त्यात जुलैत, ठाण्याच्या पावसाळी हवेत, वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा हात) वाळतच नाही. अर्धवट ओल्या रंगाला घाईनं पुन्हा ब्रश लावला की कडेला फुलकोबीसारखी नक्षी उठते. तो माझ्या अधीरपणाचा डाग, कागदाला दोष नाही. लोकलमधल्या पानांवर म्हणूनच मी रंग लावणं सोडलंय. ठाणे-वाशी गाडीत ऐरोलीला कुणी पेंगायला लागलं की कोपरखैरणेपर्यंत मान मिळते, तेवढी पेनानं काढायची. नुसते कान आणि खिडकीचे गज असलेलं, तुम्ही ‘अर्धवट’ म्हणालात ते पान त्यातलंच. तुर्भ्याला तो जागा झाला, मी काय करू?

एक मात्र ठरवलं. रोज काढणार, रोज टाकणार नाही. आठवड्याला एकदा, जी पानं मला काही शिकवून गेली तीच. आणि खाली ‘जागेवर’ लिहिलं असेल तर रंगासकट जागेवर.

उपवनचं पान काढून टाकावं असं वाटलं होतं, पण मग तुमची प्रतिक्रिया अधांतरी लटकली असती. म्हणून वहीतच दुरुस्ती करून पुन्हा फोटो चढवलाय. ‘सकाळी ८.१५, जागेवर’ यावर आडवी रेघ मारून शेजारी ‘रेषा सकाळी, उजेड भलत्याच दिवसाचा’ असं लिहिलंय. शाई वॉटरप्रूफ आहे, त्यामुळे रेघेखालचं ‘जागेवर’ अजून स्वच्छ वाचता येतं.