पेनड्राइव्ह म्हणजे संग्रह नव्हे

सांगलीतल्या जाणत्या मंडळींचा एक वाद सध्या रंगलाय आणि तो इथे अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसमध्ये, फोनवर रोज येऊन आदळतो. घराघरांतले जुने दिवाळी अंक, व्यंगचित्रांची कात्रणं, चित्रकारांची मूळ रेखाटनं यांचं करायचं काय? एक पक्ष म्हणतो, भव्य भवन बांधा. दुसरा म्हणतो, सगळं स्कॅन करून पेनड्राइव्हवर टाका आणि कागद रद्दीला घाला. टाळ्या दुसऱ्याला जास्त पडतात, आणि डोकं फिरतं ते त्यामुळेच.

हा उद्योग अमेरिकेने आधीच करून पाहिलाय. इथल्या ग्रंथालयांनी वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म काढल्या आणि बांधीव खंड मोडीत काढले. फिल्म कृष्णधवल, त्यामुळे रविवारच्या चित्रमालिकांचे रंग गेले ते गेलेच. बिल ब्लॅकबर्ड नावाच्या गृहस्थाने हे टाकाऊ खंड मागितले, तर व्यक्तीला देता येत नाहीत असं उत्तर मिळालं. मग साठच्या दशकाअखेर त्याने चक्क संस्था काढली आणि सॅन फ्रान्सिस्कोतलं घर खंडांनी भरलं. १९९८ मध्ये ते सगळं इथल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या बिली आयर्लंड या व्यंगचित्रांच्या संग्रहाकडे आलं तेव्हा ७५ टन भरलं.

भवनवाल्यांसाठीही एक गोष्ट आहे. हाच संग्रह १९७७ मध्ये चित्रमालिकाकार मिल्टन कॅनिफच्या कागदपत्रांपासून दोन वर्गखोल्यांत सुरू झाला. सलिव्हंट हॉल या आताच्या इमारतीत तो आला २०१३ ला. भवन नाही म्हणून तोवर वाढायचा थांबला नव्हता.

आता स्कॅनचं. मूळ चित्र आणि छापलेलं चित्र एक नव्हे. मूळ कागदावर फिकट निळ्या पेन्सिलीचा कच्चा आराखडा असतो. छपाईच्या कॅमेऱ्याला ती दिसत नाही म्हणूनच ती वापरायची. चुकलेल्या रेषेवर पांढरा रंग असतो, चिकटवलेली ओळ असते. मागे संपादकाने लिहिलेली कॉलमची रुंदी आणि तारीख असते. ‘शाईचं तर चित्र आहे’ म्हणून कृष्णधवल मोडमध्ये स्कॅन केलंत की यातलं बहुतेक पुसलं जातं. रेषाचित्र असलं तरी रंगीत स्कॅन, ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), तपशील न गाळणारी टिफ फाइल, आणि मागची बाजूसुद्धा. जेपेग फक्त दाखवायला.

ठेवताना लॅमिनेशन नको, ते परत निघत नाही. सेलोटेपचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. स्टेपलच्या पिना गंजतात, त्या बोथट पात्याने सरळ करून काढा, ओढू नका. वर्तमानपत्राचं कात्रण मूळ चित्राला टेकवून ठेवायचं नाही. त्या कागदातलं आम्ल शेजारच्या कागदात उतरून तपकिरी सावली पडते. पेन्सिल किंवा कोळशाचं चित्र प्लास्टिकच्या पाकिटात घातलं तर स्थिर विजेने भुकटी उचलली जाते. त्याला आम्लरहित कागदाची घडी बरी. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी आलीच. (इथे हिवाळ्यात घर तापवणारा फर्नेस सुरू झाला की नेमकी उलटी कटकट, कागद ठिसूळ होतो.)

आणि कृष्णामाई. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तरी अजून संग्रहासाठी तळमजल्याच्या खोल्या सुचवल्या जातात! भिजलेल्या कागदाला ४८ तासांत बुरशी धरते. दिवाळी अंकांचा गुळगुळीत कागद तर वाळताना एकमेकांना असा चिकटतो की पुढे सुटतच नाही. ओली पानं सोडवत बसू नका. गठ्ठा बटर पेपरमध्ये गुंडाळायचा, कणा खाली ठेवून क्रेटमध्ये लावायचा आणि गोठवायचा. बेदाण्याची शीतगृहं आपल्याकडे पुष्कळ, पण तिथल्या चार-पाच अंशांत बुरशी मंदावते, थांबत नाही. उणे १८ पाहिजे, म्हणजे आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर. नंतर थोडे थोडे अंक काढून टीपकागदात वाळवायचे. आइस्क्रीमवाल्याशी ओळख पावसाळ्याआधीच करून ठेवलेली बरी.

आम्हा परदेशस्थांतल्या काहींची तिसरीच सूचना आहे: सगळं इकडे पाठवा, अमेरिकेत नीट राहील. राहील की! पण कागदच. किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्कर मासिक काढत होते आणि त्यात व्यंगचित्रांच्या ‘टाकांच्या फेकी’ही मारत होते. त्या फेकी कोणाला लागल्या हे इथला नोंदणीकार काय सांगणार? टोपीच्या धाटणीवरून पक्ष आणि पोटाच्या घेरावरून कारखान्याचा चेअरमन ओळखणारी माणसं सांगलीत आहेत, आणि ती ऐंशीच्या पुढची आहेत. खरं तर गेल्या पंधरा-वीस वर्षांतली चित्रं पाहताना मलाही तळटीप लागते. तावातावाने सल्ले मी देतोय, पण चित्रातला माणूस ओळखायचा तर फोन मीच तिकडे करणार.

म्हणून पहिला खर्च नोंदीवर. प्रत्येक चित्रासाठी चित्रकार, नियतकालिक, तारीख, पान, माप, चित्राखालची ओळ, चित्रात कोण कोण आहे आणि त्या आठवड्यात काय घडलं होतं. फाइलचं नाव ‘राजकीय व्यंगचित्र, १९७२’ एवढंच लिहिलंत तर पेनड्राइव्हवर ते कधीच सापडणार नाही. आम्हा परदेशस्थांना नावाची पाटी लागेल अशी भिंत दिली की चेक लगेच निघतो. नोंदी करणाऱ्या दोन मुलांच्या पगाराचं नाव काढलं की सगळे मीटिंगमध्ये असतात.

कागद स्वीकारताना वारसांकडून दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या. चित्राची मालकी मिळाली म्हणजे छापायचा हक्क मिळाला असं होत नाही. तो सहसा चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, आणि पुष्कळदा वारसांकडे नसून मासिकाच्या मालकाकडे असतो. संकेतस्थळावर चढवण्याची परवानगी त्याच कागदावर, त्याच बैठकीत घ्या. पुढची पिढी पुण्या-मुंबईत किंवा आमच्यासारखी कुठेतरी पांगलेली असते, सह्या जमवता जमवता वर्ष निघतं.